छोटे दोन की मोठा एक? वाचकांचे बेसचे प्रश्न

या खेपेला सबवूफरची, म्हणजे फक्त खालचा जाड आवाज (बेस) काढणाऱ्या डब्याची, थोडक्यात सबचीच पत्रं जास्त आलीत म्हणून सगळी एकत्र घेतोय. पहिलं पत्र सविस्तर घेतलंय कारण त्यातलं गणित बाकीच्यांच्याही कामाचं आहे, पुढची उत्तरं त्या मानानं थोडक्यात.

प्रश्न – नमस्कार सर. आम्ही टिळकवाडीत राहतो. घर जुनं, भिंती जांभ्या दगडाच्या, वर स्लॅब. हॉल २० बाय १२ आणि उंची १० फूट. टॉवर स्पीकर आहेत, ५.१ चा (पाच स्पीकर आणि एक सब चालवणारा) रिसिव्हर आहे, आता सब घ्यायचा म्हणून फिरायलोय. एका दुकानात सांगितलं १२ इंची एकच दणकट घ्या, दुसऱ्या दुकानात म्हणाले तेवढ्याच पैशात ८ इंची दोन येतात, दोन घ्या. बजेट ५० हजारापर्यंत ताणतो. घरात सात माणसं आणि पिक्चर लावला की सगळी एकदमच बसतात, आई मागच्या कोपऱ्यात खुर्चीवर, आम्ही सोफ्यावर, पोरं पुढं चटईवर. काय करू सांगा की. — एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर – दादा, दोन्ही दुकानदार आपापल्या जागी बरोबर आहेत, पण खरा विचारायचा प्रश्न दोघांनीही विचारलेला दिसत नाही. माणसं किती बसतात आणि कुठं बसतात? तुम्ही ते आपणहून लिहिलंत हे फार बरं केलंत, कारण सब किती घ्यायचे ते त्यावरच ठरतं. कोन, म्हणजे स्पीकरचा पुढंमागं हलणारा गोल पडदा, किती इंची पाहिजे हे ठरतं बेस किती खालपर्यंत आणि किती मोठ्यानं हवाय यावर. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडं लोक त्यांची सरमिसळ करतात, मग १५ इंची डबा आणूनसुद्धा सोफ्यावर बेस पोचत नाही आणि कोपऱ्यातल्या माणसाची छाती धडधडते, आणि शेवटी दोष कंपनीला.

आता तुमचा हॉल घेऊ. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. २० फूट म्हणजे ६.१ मीटर, त्याच्या दुपटीनं ३४३ ला भागा, २८ येतात. म्हणजे २८ हर्ट्झला (सेकंदाला २८ कंपनं) समोरची भिंत ते मागची भिंत यांच्यात बरोबर अर्धी लाट मावते आणि ती तिथल्या तिथं ठाण मांडून बसते. तसंच १२ फुटाच्या रुंदीचं ४७ हर्ट्झ आणि १० फुटाच्या उंचीचं ५६ हर्ट्झ. त्यात तुमच्या हॉलची एक अडचण आहे, लांबी उंचीच्या बरोबर दुप्पट आहे, त्यामुळं लांबीची दुसरी लाटसुद्धा ५६ वरच येते, दोन लाटा एकाच जागी. हा हॉल ५६ ला घुमणार हे मी तुमचं घर न बघता सांगू शकतो. ढोल वाजला, कुणी दार आपटलं, पिक्चरमधे ट्रक गेला, सगळ्याचा एकच ‘धूम’ असा आवाज येत असेल तर तो हाच. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झला असते, म्हणजे हा सगळा खेळ संगीताच्या अगदी मधे चाललेला आहे, कुठंतरी दूर नाही.

हे स्वतः ऐकायचं असेल तर सब आणायच्या आधीच एक करून बघा. मोबाईलवर टोन जनरेटरचं फुकट ॲप मिळतं, ते रिसिव्हरला जोडा, एकाच टॉवरमधून ४७ हर्ट्झ लावा (दोन्ही एकदम वाजले तर ही लाट एकमेकांची मारतात), तुमचे टॉवर तेवढं खाली बऱ्यापैकी जात असतील. आवाज कमीच ठेवा, सलग टोन मोठ्यानं वाजवला तर स्पीकरच्या आतली कॉइल जळते. आता ज्या दोन भिंतींमधे १२ फुटांचं अंतर आहे त्यातल्या एकीला खांदा लावून उभे रहा आणि समोरच्या भिंतीकडं हळूहळू चालत जा. भिंतीपाशी टोन जाडजूड ऐकू येईल, दोन पावलांवर पातळ व्हायला लागेल, आणि हॉलच्या बरोबर मधे, सहा फुटावर, कुणी बटण बंद केल्यासारखा जवळजवळ गायब होईल. आणखी एक पाऊल टाका, परत यायला लागतो. शोकेसमधल्या तांब्यापितळेच्या भांड्यांवरही लक्ष ठेवा, कुठलं भांडं कुठल्या आकड्याला किणकिणतं ते तेव्हाच कळून जातं. घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवा हे, पोरांना तर फार आवडतं, आणि नंतर सोफा हलवायचा विषय निघाला की घरचे विरोध करत नाहीत.

आपल्या भागातल्या घरांत हे जास्तच जाणवतं कारण जांभा दगड काय, वीट काय, स्लॅब काय, बेस पीत नाही, आला तसा परत फेकतो. अमेरिकेतल्या घरांच्या आतल्या भिंती लाकडी सांगाड्यावर पातळ बोर्ड ठोकून केलेल्या असतात, त्या थोड्या हलतात आणि हलताना थोडा बेस खातात. म्हणून तिकडच्या व्हिडिओत बघून ‘एकच सब ठेवला, मस्त वाजतोय’ असं आपल्याकडं होईलच असं नाही. आणि पडदे, गालिचा, भिंतीला दोन इंची स्पंज वगैरे सांगणारे भेटतील, त्यांना हात जोडा. ५० हर्ट्झची लाट जवळपास २२ फुटांची असते, दोन इंची स्पंज तिला काय अडवणार.

आता दोन सब का. एक सब एका जागी ठेवला की तो खोलीतल्या सगळ्या लाटा आपल्या जागेप्रमाणं उठवतो आणि मग कुठं डोंगर, म्हणजे बेस फुगलेला, कुठं खड्डा, म्हणजे बेस गायब. डोंगर ईक्यूनं, म्हणजे ठराविक हर्ट्झचा आवाज कमीजास्त करायच्या सोयीनं, कापता येतो. खड्डा मात्र ईक्यूनं भरत नाही, तिथं १० डेसिबल वाढवायचं म्हटलं तर ॲम्पला दहापट पॉवर द्यावी लागते आणि तरी खड्डा खड्डाच राहतो, वर आईच्या खुर्चीत बेस दुप्पट जाड होतो ते वेगळंच. दोन सब समोरासमोरच्या भिंतींच्या मधोमध ठेवले, एक टीव्हीखाली आणि एक सोफ्याच्या मागच्या भिंतीला, तर लांबीची २८ ची लाट दोघं मिळून एकमेकांची मारतात. आणि दोघंही रुंदीच्या मधोमध असल्यामुळं ४७ ची लाट उठतच नाही, कारण तिची ती मेलेली जागा, तुम्ही चालत गेलात तेव्हा टोन जिथं गायब झाला तीच. हार्मन या ऑडिओ कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी २००२ साली चौकोनी खोल्यांवर हा अभ्यास मांडला होता, त्याचं सार असं की समोरासमोरच्या भिंतींच्या मधे दोन सब ठेवले तर सगळ्या खुर्च्यांवर बराच सारखा बेस मिळतो, चार भिंतींना चार ठेवले तर आणखी चांगला, आणि चाराच्या पुढं जाऊन फारसा फायदा नाही.

तुमच्याकडं दोन ठेवून ५६ वाला मात्र शिल्लक राहतो, तो दोघं मिळून उठवतात. त्याचे दोन उपाय. एक म्हणजे त्याचा खड्डा मागच्या भिंतीपासून बरोबर ५ फुटावर पडतो, आणि माझा अंदाज आहे की तुमचा सोफा तिथंच आसपास असणार कारण २० फुटी हॉलमधे सगळ्यांचाच तिथं असतो. दोन फूट पुढं घ्या. दुसरं म्हणजे उरलेला डोंगर रिसिव्हरच्या ईक्यूनं कापून टाका, आता सगळ्यांच्याच जागेवर डोंगर आहे त्यामुळं कापलं तरी कुणाचं नुकसान नाही. पुढं कधी चार सब झालेच तर बाजूच्या भिंतींच्या मधले दोन सब ही ५६ ची लांबीची लाटसुद्धा मारतात, पण ते पुढचं पुढं.

राहिला इंचांचा प्रश्न. कोनचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणं वाढतं. ८ चा वर्ग ६४, दोन मिळून १२८. १२ चा वर्ग १४४. म्हणजे दोन ८ इंची मिळूनसुद्धा एका १२ इंचीपेक्षा थोडे कमीच, आणि मोठा कोन सहसा पुढंमागं जास्त हलतो ते वेगळं. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा, म्हणजे ६० हर्ट्झचा ३० ला, तर कोनला चौपट हवा ढकलावी लागते. स्वस्त ८ इंची इथंच दम टाकतात, ४५ च्या खाली नुसता पोर्टमधून (डब्याला हवेसाठी ठेवलेल्या भोकातून) वाऱ्याचा आवाज येतो. म्हणून पहिला दुकानदार अगदीच चुकीचं सांगत नव्हता.

माझं मत स्पष्ट सांगतो. सात माणसं, दगडी भिंती, स्लॅब, तुमच्यासाठी दोनच पाहिजेत. पण ८ इंची दोन घ्यायची घाई करू नका. १० इंची बघा, १० चा वर्ग १००, दोन मिळून २००, एका १२ इंचीच्या चांगलेच पुढं. बजेटात दोन एकदम बसत नसतील तर आत्ता एक चांगला १० इंची घ्या आणि सहा महिन्यांनी त्याच मॉडेलचा दुसरा. डब्यावर लिहिलेले वॉट आणि पीएमपीओ (जाहिरातीसाठी फुगवलेला पॉवरचा आकडा) बघू नका, किती हर्ट्झपर्यंत ३ डेसिबलच्या घसरणीत जातो ते विचारा, आणि डबा उचलून बघा. हलका लागला तर सोडून द्या.

एक लक्षात असू द्या, समोरासमोरच्या भिंतींना ठेवल्यावर कोपऱ्यात मिळतो तो फुकटचा जोर मिळत नाही, कारण २८ ला जी लाट आधार देत होती तीच आपण मारली. पहिल्या दिवशी घरातलं कुणीतरी म्हणणार बेस कमी झाला म्हणून. आठवडाभर तसाच ठेवा, ढोल आणि ट्रक वेगवेगळे ऐकू यायला लागतात.

प्रश्न – सर, जांबोटीच्या बाजूला आमचं गाव. घर कौलारू, माझी ऐकायची खोली १४ बाय ११, वर सीलिंग नाही, सरळ कौलं. मी एकटाच ऐकतो, नाट्यसंगीत आणि तबला जास्त, रविवारी कधी इंग्लिश पिक्चर. मित्र म्हणतोय छोटे चार सब लाव, बेस एकसारखा होतो. — एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर – मित्राचं खरं आहे, पण तुमच्या घराला लागू नाही. एकसारखा बेस कुणासाठी? एकट्यासाठी एकच खुर्ची सांभाळायची आहे. शिवाय मंगळुरी कौलांच्या फटीतून बेस सरळ बाहेर जातो, वर सपाट स्लॅब नसल्यानं उंचीची लाटही तशी ठाण मांडत नाही. म्हणजे तुमच्याकडं घुमण्याचा त्रास कमी. पण त्याच कारणानं एक तोटा आहे, बंद छोट्या खोलीत अगदी खालच्या सुरांना खोलीच आधार देते तो आधार तुम्हाला फारसा मिळणार नाही. सगळी हवा सबनंच ढकलायची. त्यामुळं तुम्ही एकच घ्या आणि मोठा घ्या, १२ इंची, जमलं तर सीलबंद, म्हणजे पोर्ट नसलेल्या डब्याचा. सीलबंद डबा खाली जाताना सप्तकाला १२ डेसिबल या हिशोबानं हळूहळू उतरतो, पोर्टवाला त्याच्या ट्यूनिंगच्या खाली २४ नं एकदम कोसळतो.

जागा शोधायला जुनी युक्ती. सब उचलून तुमच्या खुर्चीवर ठेवा, ज्यात डग्गा चांगला वाजलाय असं एखादं रेकॉर्डिंग लावा आणि भिंतीच्या कडेकडेनं गुडघ्यावर रांगत फिरा, कान सबच्या उंचीला. डग्ग्यावर मनगट घासून काढलेली घिस्सा जिथं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारख्या वजनानं ऐकू येईल, मधेच फुगणार नाही आणि मधेच बुडणार नाही, ती जागा सबची. मग सब तिथं आणि तुम्ही खुर्चीत. नाट्यसंगीताच्या जुन्या रेकॉर्डिंगमधे ६० च्या खाली मुळात फारसं काही नसतं, तिथं सब वाजतोय असं वाटलंच नाही पाहिजे, वाटलं तर लेव्हल जास्त आहे. खर्च होतोय तो रविवारच्या पिक्चरसाठी, हे मनाशी धरून घ्या.

आणि तुमच्याकडचा पाऊस. डबा थेट शेणानं सारवलेल्या किंवा शहाबादी फरशीवर ठेवू नका, खाली लाकडी पाट द्या, आणि पावसाळ्यात रोज थोडा वेळ तरी वाजवा, आतल्या ॲम्पची ऊब ओल धरू देत नाही. कोनच्या कडेला फोमची कड असेल तर ती दमट हवेत काही वर्षांनी भुसभुशीत होऊन फाटते, रबराची कड असलेला बघून घ्या.

प्रश्न – आमच्या गावात दरवर्षी हरिनाम सप्ताह असतो, मोकळ्या पटांगणात मंडप. स्टेजच्या दोन्ही बाजूला एकेक बेसचा बॉक्स ठेवतो. मधे बसलेले म्हणतात पखवाज छातीत वाजतोय, कडेला बायका बसतात त्या म्हणतात नुसते टाळ ऐकू येतात. आणखी दोन छोटे बॉक्स आणून कडेला लावू का? — भजनी मंडळातले एक, चिकोडीजवळ

उत्तर – माउली, लावू नका, आणखी बिघडेल. वर टिळकवाडीच्या दादांना जे सांगितलं त्याच्या बरोबर उलटं तुम्हाला सांगतोय. घरात भिंती लाटा उठवतात म्हणून सब पसरायचे. मोकळ्या पटांगणात भिंतीच नाहीत, तिथं पसरलेले सबच एकमेकांना मारतात.

बघा, पखवाजाच्या धुमेचा जाड भाग धरा ६० हर्ट्झ, लाट साधारण १९ फुटांची. तुमचे बॉक्स स्टेजच्या दोन टोकांना, ३० फुटांवर असतील. मधे बसलेल्याला दोन्ही बॉक्स सारख्या अंतरावर, दोन्हींचा आवाज एकदम पोचतो आणि एका बॉक्सपेक्षा ६ डेसिबल वाढतो. कडेला सरकलं की एक बॉक्स जवळ येतो एक लांब जातो, आणि हा फरक अर्ध्या लाटेएवढा, म्हणजे साडेनऊ फूट झाला, की एक ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय, बेस जातो. बायकांची बाजू नेमकी तिथं पडतेय. आणखी दोन बॉक्स आणले तर असे पट्टे वाढतील, कमी होणार नाहीत.

दोन्ही बॉक्स स्टेजच्या समोर मधोमध, एकाला एक चिकटून, जमिनीवर ठेवा. तेच ६ डेसिबल मिळतील, पण सगळीकडं. आपल्याकडच्या डॉल्बीवाल्यांपैकी जे जाणते आहेत ते बॉक्सची भिंत रचतात ते याचसाठी. स्टेजच्या फळ्यांवर किंवा खाली पोकळीत ठेवू नका, फळ्या थरथरतात, ती थरथर पखवाजाच्या माइकमधे जाते आणि ‘घुंऽऽ’ करून फिरत राहते. आणि मिक्सरवर एक काम जरूर करा, बुवांचा माइक, टाळकऱ्यांचे माइक, पेटीचा माइक, या सगळ्यांना १०० हर्ट्झच्या खाली कट द्या, बटण असतंच बहुतेक मिक्सरवर. बेसच्या बॉक्समधे फक्त पखवाज जाऊ दे. वाऱ्याची घरघर, माइक हातात फिरवल्याची खडखड, पाय आपटल्याचा आवाज, सगळं त्यातून निघून जातं आणि अभंगाचे शब्द एकदम मोकळे होतात. हे केल्यावर कदाचित तुम्हाला बॉक्सचा आवाज कमीच करावा लागेल. आणि रात्री १० नंतरचं तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमाप्रमाणं सकाळी ६ पर्यंत उघड्यावर लाउडस्पीकर चालतच नाही, सणासुदीला सरकारनं सूट दिली तरी ती रात्री १२ पर्यंतचीच, हे तुम्हा मंडळवाल्यांना मी सांगायला नको.

प्रश्न – निपाणीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. खाली एक कन्नड मास्तर राहतात, फार सज्जन, रात्री नऊला झोपतात. मी आणि मिस्टर दोघंच. पिक्चर बघायला वेळ रात्रीच मिळतो. छोटे दोन सब लावले तर खाली कमी जाईल का? डेसिबलचं ॲप बघून चालवलं तर चालेल का? — एक वाचक, निपाणी

उत्तर – ताई, दोन छोटे असोत की एक मोठा, तुमच्या खोलीत आवाज तेवढाच ठेवलात तर मास्तरांकडं जाणारा बेसही तेवढाच. स्लॅबला बॉक्स मोजता येत नाहीत. खाली रबरी पॅड ठेवतात त्यानं डब्याची थरथर फरशीत उतरायची थांबते, पण हवेतून स्लॅबवर आदळणारा बेस त्यानं थांबत नाही.

तुमच्यासाठी एकच छोटा सब बरा, आणि तो टीव्हीपाशी नको, सोफ्याच्या मागं, पाठीपासून फूटभर अंतरावर. दहा फुटांवरून जो बेस तुम्हाला हवा तेवढा यायला गेन (सबचा स्वतःचा व्हॉल्यूम) वाढवावा लागतो, तोच पाठीमागून पुष्कळ कमी गेनवर मिळतो, म्हणजे बाकी खोलीत आणि खाली कमी जातो. दोघंच शेजारी बसता त्यामुळं बाकी हॉलमधे कसं वाजतंय याची फिकीर नाही. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या हर्ट्झच्या खालचा आवाज सबकडं जातो तो आकडा, ८० च्या वर नेऊ नका, त्याच्या वर गेलं की आवाज मागून येतोय असं कळायला लागतं, ८० च्या खाली कानाला दिशा नीट कळत नाही. रिसिव्हरमधे नाइट मोड असतो तो चालू करा, मोठे दणके तो दाबतो.

डेसिबलच्या ॲपवर विसंबू नका. निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे खरी, पण ती ज्या मापानं मोजतात ते माप ५० हर्ट्झचा बेस ३० डेसिबलनं कमी धरतं. मोबाईलवर ४० दिसतील आणि खाली मास्तरांच्या कपाटाची दारं थरथरत असतील. त्यापेक्षा एका संध्याकाळी चहाला त्यांच्याकडं जाऊन बसा, मिस्टरांना वर पिक्चर लावायला सांगा, आणि मास्तरांच्या झोपायच्या खोलीत उभं राहून फोनवर ‘कमी करा, अजून कमी करा’ सांगत व्हॉल्यूमचा आकडा ठरवून घ्या. तो आकडा रात्रीचा.

प्रश्न – माझ्याकडं जुना १० इंची पोर्टवाला आहे. आता नवीन १२ इंची सीलबंद घ्यायलोय. दोन्ही एकत्र चालतील का? — एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर – चालतील, पण सहज नाही. पोर्टवाला आणि सीलबंद यांची खालच्या सुरांना फेज, म्हणजे कोन ढकलायची-ओढायची वेळ, वेगवेगळी असते, एखाद्या ठिकाणी ते बेरीज करायच्या ऐवजी वजाबाकी करतात. रिसिव्हरला दोन सब आउट असले तरी बऱ्याच स्वस्त मॉडेलमधे दोन्हींतून एकच सिग्नल येतो, वेगळी वेळ वेगळी लेव्हल देता येत नाही. दोन्ही वेगळे सांभाळायला मिनीडीएसपीसारखा छोटा डबा, मोजायचा माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकटचं सॉफ्टवेअर, एवढी तयारी असेल तर करा, रविवार मस्त जातो. नाहीतर जुना विकून त्या पैशात नव्याचाच जोडीदार घ्या. आणि एकत्र वाजवलेच तर व्हॉल्यूम जुन्याच्या ताकदीनं ठरवा, १२ इंची आरामात असतो तेव्हा १० इंचीचा कोन आपटत असतो.

प्रश्न – दोन सब लावल्यापासून काही वाजत नसतानाही ‘हूंऽऽ’ असा आवाज येतोय. एकच लावला की बंद. मित्र म्हणाला मागच्या सबच्या प्लगची अर्थची पिन काढून टाक. — एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर – पिन अजिबात काढू नका. हूं येतोय कारण पुढचा सब एका बोर्डावर आणि मागचा दुसऱ्या बोर्डावर, दोन्हींच्या अर्थमधे थोडा फरक, आणि तो फरक सिग्नलच्या वायरीतून फिरतोय. पिन काढली की आवाज जातो हे खरं, पण आत काही बिघडलं तर करंट सबच्या धातूच्या पट्टीवर येतो आणि घरात पोरं आहेत. चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डानं दोन्ही सब आणि रिसिव्हर एकाच पॉइंटवर घ्या, बहुतेक वेळा एवढ्यानं जातो. तरी राहिला तर मागच्या सबच्या सिग्नल वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थमधून फिरणारा हा करंट तोडणारा छोटा डबा) घाला, पण बेससाठीचा, गाडीच्या टेपचे स्वस्त मिळतात ते खालचा बेस खातात. आणि वायरमनला बोलावून मागच्या बोर्डाला खरंच अर्थिंग आहे का ते तपासून घ्या, जुन्या घरांत पुष्कळदा तीन पिनचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकात वायरच नसते.